थार सीआरडीई: पुढे सॉलिड ॲक्सल टाकायचा का? – प्रकल्प नोंदी

८ जून २०२५

गाडी महिंद्रा थार सीआरडीई, फोर बाय फोर, २०१६ ची. मागच्या डिफला (दोन चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारा गिअरचा डबा) मेकॅनिकल लॉकर आहे, म्हणजे एक चाक घसरलं की दोन्ही चाकं एकत्र बांधणारी यंत्रणा. टायर २४५/७५ आर १६, म्हणजे कंपनीच्या २३५/७० पेक्षा व्यासाला साधारण ३९ मिलिमीटर मोठे. मी दुसरा मालक. पहिल्या मालकानं पुढचे टॉर्शन बार (पीळ घेऊन स्प्रिंगचं काम करणारे पोलादी दांडे) पिळून गाडी वर उचलून घेतली होती. दिसते झकास, पण ओढ्यात उतरली की पुढचं एक चाक हवेत जातं आणि तिथंच फिरत बसतं.

यंदा पाऊस मे महिन्यातच आला, त्यामुळे नाशिक-इगतपुरी रस्त्यावरच्या वाडीवऱ्हेजवळ सुहासच्या शेतामागचा ओढा लवकर भरला. त्याच्या मालकीची जमीन, त्यामुळे वनखातं, गावकरी, कुणालाच उत्तर द्यायचं नाही. काळा दगड, मधे लाल गाळ. आज तिथं पुढच्या उजव्या सीव्ही जॉइंटचं (वळणाऱ्या चाकाला जोर पोचवणारा सांधा) रबर बूट फाटलं. ग्रीस बाहेर, गाळ आत. बूट फाटायची ही पहिली वेळ नाही.

दुरुस्ती करायची, पुन्हा फाटायची वाट बघायची, की एकदाच पुढची सगळी आयएफएस (दोन्ही चाकं वेगवेगळी हलू देणारी स्वतंत्र सस्पेन्शन) काढून सॉलिड ॲक्सल (दोन्ही चाकांना जोडणारी अखंड नळी) टाकायचा? आमच्या टोळक्यात हा विषय निघाला की जेवण थंड होतं. म्हणून आता बोलणं बंद, मोजणं सुरू. जे सापडेल ते इथं लिहीन आणि मगच ठरवीन.

आधी एक गोष्ट नोंदवून ठेवतो, कारण बरेच जण ती विसरतात. २०१० साली थार आली तेव्हा कंपनीनं दोन्ही प्रकार एकाच नावाखाली विकले. २५२३ सीसीच्या डीआय थारला पुढे-मागे कमानपाटे आणि पुढे सॉलिड ॲक्सल. २४९८ सीसी, १०५ बीएचपीच्या सीआरडीईला पुढे टॉर्शन बारची स्वतंत्र सस्पेन्शन आणि मागे पाटे. म्हणजे ‘थारला सॉलिड ॲक्सल शोभत नाही’ असं म्हणायला जागा नाही. पण दोघांची गिऱ्हाइकं निराळी होती. डीआय घेणारा शेतात आणि खडीच्या रस्त्यावर हाकणार, सीआरडीईवाला मुंबईला जाणार. मी मुंबईला जातो.

१५ जून २०२५

नाशिकच्या अंबड एमआयडीसीत एका मित्राचं वर्कशॉप आहे, रविवारी बंद असतं. तिथला फोर्कलिफ्ट वापरायला मिळाला. चहाचा खर्च माझा, या अटीवर.

पद्धत साधी. गाडी सपाट काँक्रीटवर न्यूट्रलला, मागच्या उजव्या चाकाला दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे. पुढच्या डाव्या चाकाखाली जाड लाकडी फळी ठेवून फोर्क घातला आणि हळूहळू वर घेत गेलो. दुसरं एखादं चाक जमीन सोडतं ना, तिथं थांबायचं आणि टेपनं उंची मोजायची.

बघण्यासारखी गोष्ट अशी की पुढचा भाग जवळजवळ ढिम्म. डावा लोअर आर्म (चाक धरणारा खालचा दांडा) थोडा वर गेला आणि मग आख्खी बॉडीच उजवीकडे कलायला लागली. सगळं काम मागचे पाटे करत होते. डावीकडचा पाटा ताणून खाली गेला, शॅकल (पाट्याच्या टोकाची झुलती कडी) जवळजवळ सरळ झाला, आणि मागचं डावं चाक सुटलं. म्हणजे गाडीची लवचीकता म्हणून जे काही आहे ते मागच्या सॉलिड ॲक्सलचं.

मग खाली झोपून पुढचा वरचा आर्म बघितला. गाडी चार चाकांवर उभी असताना आर्म आणि खाली उतरताना जिथं तो टेकतो त्या रबरामध्ये जेमतेम बोटभर अंतर. टॉर्शन बारच्या ॲडजस्टिंग बोल्टचे आटे बघा, पार शेवटपर्यंत पिळलेले. टॉर्शन बार पिळल्यानं गाडी वर येते, पण चाकाचा एकूण प्रवास मिलिमीटरभरही वाढत नाही. खाली जायच्या वाटेतला हिस्सा वरच्या वाटेला दिला जातो, एवढंच. खड्डा आला की चाक खाली जाऊच शकत नाही, म्हणून ते हवेत लटकतं. आणि सीव्ही जॉइंट सरळ उभ्या गाडीतसुद्धा तिरक्या कोनात फिरत राहतो, म्हणून बूट फाटतं. माझ्या दोन्ही तक्रारींचं मूळ एकाच बोल्टात सापडलं.

मग स्टॅबिलायझर बारच्या (वळणावर गाडी कलू नये म्हणून दोन्ही चाकांना जोडणारा दांडा) दोन्ही लिंक काढल्या आणि तीच परीक्षा पुन्हा घेतली. फोर्क पावणेतीन इंच जास्त वर गेला, तेव्हा कुठे मागचं चाक सुटलं. पान्यानं चार नट काढण्याचं काम, खर्च शून्य. मित्र म्हणाला, “मग झालं की.” झालं नाही. तुलना कशाशी करायची ते अजून ठरायचंय.

१९ जून २०२५

सॉलिड ॲक्सल नेमकं काय देतो, हे स्वतःलाच समजावून घ्यायला लिहितोय.

एक अखंड नळी, दोन टोकांना दोन चाकं. डावं चाक दगडावर चढलं की नळी तराजूच्या दांडीसारखी कलते आणि उजवं चाक आपोआप खाली दाबलं जातं. स्वतंत्र सस्पेन्शनमध्ये हा दाब मिळत नाही. उलट स्टॅबिलायझर बार उजव्या चाकालाही वर ओढायला बघतो. ओबडधोबड दगडात चारही चाकं जमिनीला लावून ठेवायची तर नळी सरस, यात वाद नाही.

दुसरा फायदा कमी बोलला जातो. डिफखालची मोकळी जागा सॉलिड ॲक्सलमध्ये बदलत नाही. टायरची त्रिज्या वजा हौजिंगची खोली, की विषय संपला. आयएफएसमध्ये डिफ चासीला टांगलेला असतो. गाडी दगडावरून धपकन उतरली, स्प्रिंग दाबली गेली, की चासीबरोबर डिफही खाली येतो, म्हणजे नेमका जिथं दगड आहे तिथं. तोटा असा की सॉलिड ॲक्सलचा डिफ कायमच खाली लोंबतो. अर्थात आमच्या गाडीला मागे तसा एक आहेच, आणि ओढ्यात रेष धरताना मी आजही त्यालाच सांभाळतो.

तिसरा फायदा दणकटपणा. बॉल जॉइंट, लोअर आर्मचे बुश, उघडे सीव्ही बूट, या सगळ्या नाजूक जागा जातात. त्यांच्या जागी जाड नळी, टोकाला नकल (चाक वळवणारा सांधा), आत शाफ्ट.

आणि किंमत रस्त्यावर मोजायची. नळी, डिफ, शाफ्ट हे सगळं वजन स्प्रिंगच्या खाली, म्हणून प्रत्येक खड्डा स्टिअरिंगपर्यंत पोचतो.

१३ जुलै २०२५

नाना आले. नाना म्हणजे आमचे मिस्त्री, सत्तरीच्या जवळ आलेले. एमएम ५४० आणि त्याच्या आधीच्या पेट्रोल जीपांवर त्यांची हयात गेली. महिनाभर गॅरेजला कुलूप होतं, निवृत्तिनाथांच्या पालखीबरोबर पंढरपूरला गेले होते. काळवंडलेत, पण आवाज तोच.

विषय काढला तर आधी हसले. “भाऊ, लोकं जीपचा पाटा काढून कॉइल टाकायला येतात माझ्याकडं. तुम्ही उलटं निघाले.”

गॅरेजच्या मागच्या बाजूला, रिकाम्या ड्रमांआड, एक पुढचा ॲक्सल पडलेला. जुन्या सीजे थ्री बी जीपचा. टोकाला गोल बंद नकल, त्यावर वर्षानुवर्षांचं ग्रीस आणि धूळ मिळून झालेलं काळं कातडं. मी मनातल्या मनात तो गाडीखाली बसवूनही टाकला होता. नानांनी मागचं झाकण खोललं, क्राऊनवर (डिफमधलं मोठं दातेरी चक्र; त्याला फिरवणारं छोटं ते पिनियन) खडूनं खूण केली आणि म्हणाले, “मोजा.” क्राऊनचे ४३ दात, पिनियनचे ८. भागाकार ५.३८, हाच रेशो.

मग आमच्या गाडीचं मोजलं. मागचं एक चाक जमिनीवर, दुसरं घोडीवर (लोखंडी स्टँड), गिअर न्यूट्रल. वरचं चाक हातानं दोन फेऱ्या फिरवायचं आणि प्रोपेलर (डिफपर्यंत जोर नेणारा लांब दांडा) किती फिरतो ते खडूच्या खुणेनं बघायचं. एक चाक थांबलेलं असलं की डिफ दुसऱ्याला दुप्पट पळवतो, म्हणून दोन फेऱ्या. हातानं हळू फिरवलं तर लॉकर मधे येत नाही. त्याला दोन चाकांच्या वेगात चांगलाच फरक लागतो. प्रोपेलर चार फेऱ्या पुऱ्या व्हायच्या आतच थांबला.

पुढे ५.३८ आणि मागे चारच्या आत. फोर बाय फोर टाकलं की ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटणारा डबा) दोन्ही प्रोपेलर एकाच वेगानं फिरवणार, पण पुढची चाकं एका वेगानं जायचं म्हणतील आणि मागची दुसऱ्या. चिखलात टायर घसरून वेळ निभावेल. कोरड्या दगडावर काहीतरी तुटेल, आणि तुटायची पहिली पाळी बहुधा ट्रान्सफर केसच्या साखळीची. तेव्हा हा ॲक्सल बाद. क्राऊन-पिनियन बदलून जुळवता येतं का विचारलं तर नाना म्हणाले, त्या हौजिंगची ताकद सत्तर-पंच्याहत्तर घोड्यांच्या पेट्रोल इंजिनासाठीची, मोठ्या टायरला आणि तुमच्या इंजिनाला ती कुठवर पुरणार? बरोबर आहे.

डीआय थारचा पुढचा ॲक्सल मिळाला तर सगळ्यात सोपं, असं त्यांचं मत. कुर्ल्याच्या भंगार बाजारात त्यांचा एक जुना माणूस आहे, त्याला फोन लावतो म्हणाले. एमएम ५५० चाही चालेल, पण रेशो मोजल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत.

२० जुलै २०२५

पावसाचा जोर, म्हणून गाडी नानांच्या शेडमध्ये घोड्यांवर. दिवसभर खाली झोपून मीटर आणि ओळंबा. आजची नोंद लांबणार, कारण निर्णय खरा इथं अडतो.

पहिला अडसर इंजिनाखालचं ऑइल चेंबर. आयएफएसमध्ये पुढची दोन चाकं नळीनं जोडलेली नाहीत, म्हणून कंपनीनं इंजिन खाली बसवलं, मधली जागा वापरून घेतली. आता तिथं आडवी नळी घालायची तर ती चेंबरखालून जाणार, आणि तिला वर यायलाही जागा हवी, नाहीतर पहिल्याच खड्ड्यात डिफ चेंबरवर आपटेल. मी आणि नानांनी एक चार इंची पाइप नळी समजून खाली धरला. चार इंच तरी गाडी वर उचलल्याशिवाय हिशेब बसत नाही. चार इंच वर म्हणजे गुरुत्वमध्य वर, म्हणजे बाजूच्या उतारावर भीती जास्त. थार आधीच उंच आणि अरुंद.

दुसरा अडसर स्टिअरिंग. सीआरडीईला रॅक अँड पिनियन पॉवर स्टिअरिंग आहे. रॅक चासीला बोल्ट केलेला, आणि त्याच्या टाय रॉडची लांबी आर्मच्या लांबीशी जुळवलेली, म्हणून चाक वरखाली होताना स्टिअरिंग ओढलं जात नाही. नळीवर ही जुळवणी टिकत नाही. तेव्हा रॅक काढा, चासीला स्टिअरिंग बॉक्स लावा, पिटमन आर्म (बॉक्सचा हलणारा हात), तिथून ड्रॅग लिंक (नकलपर्यंत जाणारा दांडा), एका नकलपासून दुसऱ्या नकलपर्यंत टाय रॉड. बॉक्स जिथं लागतो तिथं चासीला आतून पट्टी वेल्ड करायला हवी, नाहीतर जोर लावल्यावर चासीला तडा जातो. शिवाय हायड्रॉलिक पंपाचा दाब नव्या बॉक्सला मानवतो का, होज कुठून न्यायचे, कॉलमचा क्रॉस कोणत्या कोनात बसतो, अशी शेपटी लांबतच जाते.

ड्रॅग लिंक जितकी आडवी तितकं बरं. चार इंच उचललेल्या गाडीत ती तिरकी उतरते, आणि तिरकी असली की ॲक्सल वरखाली होताना गाडी स्वतःहून वळते. हात स्टिअरिंगवर सरळ, आणि गाडी चालली ट्रककडे. उपाय आहे: नकलच्या वरच्या बाजूला उंच आर्म लावायचा. पण त्यासाठी नकलवर सपाट, ड्रिल करता येईल अशी जाड जागा हवी, आणि ते काम चांगल्या मशीन शॉपचंच.

तिसरा कॅस्टरचा, म्हणजे चाक ज्या अक्षाभोवती वळतं त्याच्या मागे झुकलेल्या कोनाचा. हा मला सगळ्यात अवघड वाटतो. पुढचा प्रोपेलर नीट चालायला पिनियनचं तोंड ट्रान्सफर केसकडे वर वळलेलं हवं. गाडी उंच केली की आणखी वर. पण पिनियन वर वळवायला आख्खं हौजिंग फिरवावं लागतं, आणि हौजिंगबरोबर नकलही फिरतात, म्हणजे कॅस्टर कमी होतो. कॅस्टर कमी झाला की वळणानंतर स्टिअरिंग परत सरळ येत नाही, आणि एका ठराविक वेगाला पुढची दोन्ही चाकं थरथरायला लागतात. ज्यानं जुनी जीप चालवलीय त्याला ती थरथर माहीत आहे. गाडी जवळजवळ थांबवेपर्यंत जात नाही. पिनियनचा कोन आणि कॅस्टर दोन्ही हवेत तर नळीच्या टोकाची वेल्ड कापून नकल वेगळे फिरवून पुन्हा वेल्ड करायचे. नाना करतात. पण करतात म्हणजे नजरेनं आणि अनुभवानं, जिगवर (कोन पक्का धरणारा साचा) नाही. डावीउजवीकडे अर्ध्या अंशाचा फरक राहिला तरी गाडी एका बाजूला ओढत राहणार.

ब्रेकची त्यातल्या त्यात चिंता कमी. २०१६ च्या गाडीला एबीएस नाही, त्यामुळे सेन्सरचा प्रश्नच नाही. होज लांब करायचे, डिस्क-कॅलिपर कुठले लागतात बघायचं. इतकंच.

नानांना म्हटलं, “किती दिवस?” म्हणाले, “दिवस नका विचारू, पावसाळे विचारा.”

२ ऑगस्ट २०२५

कागदांची बाजू.

मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. उत्पादकानं दिलेले मूळ तपशील आणि आरसीवरचे तपशील यांत विसंगती येईल असा बदल मालकानं करायचा नाही. या कलमावर सर्वोच्च न्यायालयाचा ९ जानेवारी २०१९ चा निकाल आहे. केरळमधलं प्रकरण, उच्च न्यायालयाचा निर्णय फिरवताना न्यायालयानं स्पष्ट केलं की उत्पादकाच्या मूळ रचनेशी विसंगत बदल चालणार नाहीत. त्यामागचं कारण पटण्यासारखं आहे. नियम १२६ खाली गाडीचा नमुना पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेत तपासला जातो, तो जसा आहे तसा. आपण पुढची सस्पेन्शन आणि स्टिअरिंग बदललं की ती तपासणी आपल्या गाडीला लागूच होत नाही.

एका एजंटला विचारलं. त्यानं छातीवर हात ठेवून ‘होऊन जाईल’ म्हटलं, आणि त्याच क्षणी मला खात्री पटली की होणार नाही. आरसीवर सस्पेन्शनचा रकाना नसतो, हे त्याचं म्हणणं खरं आहे. पण अपघात झाला, कुणाला लागलं, तर विम्याचा सर्व्हेअर गाडीखाली वाकून बघणार, आणि कंपनीचा रॅक जिथं असायला हवा तिथं वेल्ड केलेला बॉक्स त्याला दिसणार. बंपर, विंच, टायर यांवर होणारा वाद निराळा. स्टिअरिंगचा वाद मला कोर्टात घालायचा नाही.

जे लोक फक्त स्पर्धेसाठी, ट्रेलरवरून नेण्यापुरती गाडी बनवतात त्यांचं गणित वेगळं. माझी गाडी रस्त्यावरून स्वतःच्या चाकांवर जाते.

१५ ऑगस्ट २०२५

सुट्टी, आणि ओढ्याला बेताचं पाणी. सुहासची जिप्सी आणि त्याच्या मेव्हण्याची जिम्नी, दोन्ही बोलावल्या. दोन्हींना पुढे-मागे सॉलिड ॲक्सल. जिप्सीला चारही कोपऱ्यांत पाटे, जिम्नीला कॉइल आणि थ्री-लिंक. आमच्यासारख्याला याहून चांगली प्रयोगशाळा मिळायची नाही.

एकच रेष ठरवली: डावीकडचा सपाट काळा दगड, मधे चाक बुडेल एवढा खड्डा, मग गाळाची चढण.

जिम्नी दगडावर बघत राहावी अशी चालते. पुढचा ॲक्सल एका बाजूला कलला, मागचा दुसऱ्या, आणि बॉडी मधे जवळजवळ सपाट. चारही चाकं जमिनीला. मी खाली बसून मोबाइलवर चित्रण केलं आणि खरं सांगतो, त्या दोन मिनिटांत मी ॲक्सल टाकायचं ठरवून बसलो होतो. मग ती गाळाच्या चढणीला आली. लॉकर नाही; घसरणाऱ्या चाकाला ब्रेक लावून दुसऱ्याला जोर देणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा आहे, पण तिला जागं व्हायला ॲक्सिलरेटर द्यावा लागतो, आणि गाळात ॲक्सिलरेटर म्हणजे खड्डा खणणं. मागे घेऊन वेगात आली तेव्हा चढली.

जिप्सी दोन्ही ठिकाणी ठीकठाक, आणि हलकी असल्याचा फायदा सगळीकडे. सुहासचा आरडाओरडा धरला नाही तर.

थार दगडावर पुढचं चाक उचलून उभी राहिली, नेहमीप्रमाणे. पण खड्ड्यातून बाहेर पडल्यावर मागचा लॉकर लागला, तो ‘कट्’ असा आवाज आला, आणि गाळाची चढण ती तिघींत सगळ्यात शांतपणे चढून गेली.

म्हणजे दगडात आपण मार खातो आणि गाळात नाही. आता आमच्या भागात किती दगड आणि किती गाळ? नाशिक ते इगतपुरी, पावसाळ्यात जिथं जिथं आम्ही जातो तिथं तीन भाग गाळ आणि एक भाग दगड, असं मी म्हणेन. सुहास म्हणेल अर्धं-अर्धं. कारण त्याच्याकडे जिप्सी आहे.

परतताना अदलाबदल केली, मी जिप्सी घेतली. इगतपुरीहून नाशिककडे हायवेला. पुलाच्या सांध्यावर डावं चाक आपटलं की उजव्या चाकाचीही थरथर हातात येते. जिप्सीत ते शोभतं. पण समृद्धी महामार्ग जूनमध्ये आमण्यापर्यंत पूर्ण खुला झाल्यापासून माझी मुंबईची वाट तीच आहे. तिथं गाड्यांना १२० ची मर्यादा, आणि इगतपुरीचा जवळजवळ आठ किलोमीटरचा बोगदा. घरी वेल्ड केलेल्या ड्रॅग लिंकवर त्या बोगद्यात बायको आणि पोरांना घेऊन मी किती वेगानं जाईन? हा प्रश्न मीटरपट्टीनं मोजता येत नाही, पण निर्णयात त्याचं वजन आहे.

७ सप्टेंबर २०२५

गणपती गेले, गाडीचं काम सुरू. ॲक्सलचा ‘हो-नाही’ व्हायच्या आधी जी गाडी आहे तिची पूर्ण पात्रता तपासायची, असा नानांचा आग्रह. मलाही पटला.

टॉर्शन बार सैल केले. दोन्ही बाजूंचे बोल्ट सारख्या फेऱ्यांनी उलटे फिरवत गेलो, मधे गाडी थोडी पुढे-मागे ढकलून सस्पेन्शन बसू दिली, पुन्हा मोजलं. आता वरचा आर्म आणि खालच्या रबरामध्ये तीन बोटं जातात. गाडी पुढून खाली आली, थोडी मलूल दिसते. मोठे टायर फेंडरला घासतात का बघितलं. पूर्ण वळवून एका बाजूनं दाबल्यावर आतल्या प्लास्टिकला किंचित लागतं, ते कापून टाकलं. उतरवलेल्या गाडीचं अलाइनमेंट करून घेतलं, सीव्हीचे दोन्ही बूट नवे बसवले.

मग ओढा. स्टॅबिलायझरच्या लिंक काढून ठेवल्या, टायरची हवा ३२ वरून १८ पीएसआयवर आणली. तीच रेष, तोच दगड.

पुढचं चाक उचललं गेलं, पण पूर्वीपेक्षा उशिरा, आणि उचललं तेव्हा मधला खड्डा निम्मा पार झालेला. बाकी तीन चाकांनी गाडी ढकलली. हवा कमी केल्यामुळे टायर दगडाच्या कडेला चिकटून बसतो, त्याचा फरक मला सगळ्यात जास्त जाणवला. बाजूची भिंत फुगते, दगडाचा कोपरा रबरात रुततो, आणि चाक सरकत नाही. जिम्नीइतकी शोभा नाही. पण गेली.

२१ सप्टेंबर २०२५

कुर्ल्याहून निरोप. डीआय थारचा पूर्ण पुढचा ॲक्सल नाही. त्या माणसाचं म्हणणं असं की डीआय गाड्या भंगारात येतात त्या बहुधा समोरून ठोकलेल्या, तेव्हा पुढचा ॲक्सलच वाकलेला असतो, आणि ज्या धड आहेत त्या गावाकडे अजून चालताहेत. एमएम ५५० चा एक आहे, पण एका बाजूचं नकल बदललेलं. फोटो बघून नानांनी मान हलवली.

तरी हिशेब पूर्ण करून ठेवला, कारण मिळाला असता तर काय, हे मला कळायला हवं होतं. ॲक्सल, क्राऊन-पिनियन जुळवणं, पाटे आणि शॅकल, स्टिअरिंग बॉक्स आणि सगळ्या लिंक, नवा पुढचा प्रोपेलर, नकल कापून फिरवणं, चासीचं वेल्डिंग, लांब शॉकॲब्सॉर्बर, आणि मग मागे चार इंच उचलायला मागचे पाटे आणि मागचा प्रोपेलर. नानांच्या अंदाजानं अडीच लाख. आमच्या अनुभवानं त्यात पन्नास हजार घालायचे. मागचा भाग उचलायचा खर्च लोक धरत नाहीत. पुढे चार इंच आणि मागे शून्य अशी गाडी कुणाला चालवायचीय?

याच पैशात कागदपत्रं नीट असलेली, थोडी गंजलेली एमएम ५४० येऊ शकते. नाना हे मुद्दाम म्हणतात, कारण सिन्नरला एक त्यांच्या नजरेत आहे. माझ्याकडे पार्किंगची जागा एकच आहे, आणि सोसायटीच्या चेअरमनशी माझं आधीच बरं नाही.

५ ऑक्टोबर २०२५

निर्णय: या गाडीला सॉलिड ॲक्सल नाही.

कारणं वर आलीच आहेत, पण कोणतं किती जड ते लिहून ठेवतो. पैसा हे कारण नाही. असता तरी उत्तर हेच आलं असतं. कायदा मोठं कारण, पण तेही दुसऱ्या क्रमांकाचं. पहिलं कारण स्टिअरिंग. ही गाडी रोज रस्त्यावर असते, आणि रस्त्यावर ती कंपनीच्या रॅकवर जशी चालते तशी नानांच्या शेडमध्ये बनलेल्या जोडणीवर चालेल याची हमी मला कुणी देऊ शकत नाही. नानासुद्धा देत नाहीत, आणि म्हणूनच त्यांचं ऐकावंसं वाटतं.

आणि ओढ्यातली जी तक्रार घेऊन जूनमध्ये सुरुवात केली, तिचा बराचसा भाग आयएफएसचा नव्हताच, पिळलेल्या टॉर्शन बारचा होता. उरलेला भाग खरा आहे. दगडात जिम्नी माझ्या पुढे जाईल, जाऊ दे.

सुहासला फोन केला. तो म्हणाला, “घाबरला.” मी म्हटलं, हो, १२० च्या वेगाला.

कुणी हे वाचून स्वतःच्या गाडीचं ठरवत असेल तर एवढंच सांगेन: गाडी रोजच्या वापरातून बाहेर पडली असेल, ट्रेलरवर जात असेल, आणि मिस्त्री नकल जिगवर वेल्ड करणारा असेल, तर माझी नोंदवही तुमच्या उपयोगाची नाही, खुशाल करा. रेशो मात्र स्वतः मोजा, विकणाऱ्याच्या तोंडावर जाऊ नका.

१२ ऑक्टोबर २०२५

दिवाळीआधी उरकायची कामं. स्टॅबिलायझर लिंकला नटाऐवजी पिन, म्हणजे ओढ्यावर पाना लागणार नाही. रस्त्यावर परत येताना पिना घालायलाच हव्यात, म्हणून डॅशबोर्डवर लाल पट्टी चिकटवलीय. दोन्ही लोअर बॉल जॉइंट नवे. लोअर आर्मचे बुश रबराचेच, पॉलियुरेथेनचे नकोत, कुरकुरतात. पुढच्या डिफखाली चार मिलिमीटरचा पत्रा, ऑइल बदलायला त्याला भोक ठेवून. एक जादा सीव्ही शाफ्ट बूटसकट मागच्या सीटखाली बांधून ठेवायचा. पुढच्या डिफला लॉकर टाकण्याचा विषय नानांनी काढला होता. तो तूर्त नको, कारण लॉक झालेल्या डिफचा सगळा जोर एका सीव्हीवर आला तर ती शाफ्ट ओढ्यातच बदलावी लागेल.

बॉल जॉइंट मंगळवारी येतात. नानांनी बुधवार दिलाय, सकाळी नऊला, आणि येताना सीजेचा तो ॲक्सल न्यायला कुणी गिऱ्हाईक असेल तर बघा म्हणालेत.